जळूची बेरीज

नागभीडला स्टेशनाकडून बाजारात जाताना पानठेला आणि एसटीडी बूथ यांच्या मधे जी चिंचोळी जागा उरते, ती इब्राहीमभाईनं कधीकाळी पकडली आणि तिथं रेडिओ दुरुस्तीचं दुकान थाटलं. दुकान केवढं, तर गिऱ्हाईक आत आलं की मालकाला स्टूल उचलून बाहेर यावं लागे, एवढं. इब्राहीमभाई अल्लाला प्यारे झाले तेव्हा मोहसीनला मिसरूडही धड फुटलं नव्हतं, पण बापानं जाता जाता एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसवली होती. सेट आला की आधी ऐकायचा, मग उघडायचा. त्यामुळं पोरगा रेडिओला कान लावून बसायचा, आणि खुरखुर कशी येते यावरून कुठं काय बिघडलंय ते ओळखायचा. लोक म्हणायचे, हा मोहसीन रेडिओ दुरुस्त करत नाही, त्याची विचारपूस करतो.

असा हा हुशार, कामसू, तोंडानं गोड पोरगा. पण एक ठणका त्याच्या मनात कायम होता, आणि तो होता त्याच्या आईच्या धंद्याचा.

खैरुनबी जळवा लावायची. तिची आई लावायची, आईची आई लावायची. पायाला गळू झालं, नस तटतटली, अर्धं डोकं दुखायला लागलं, की आसपासच्या खेड्यातली माणसं दवाखान्यातून फिरून आल्यावर, आणि काही तर जायच्या आधीच, तिच्या अंगणात येऊन बसत. तलावाच्या काठाला गुडघाभर पाण्यात उभं राहून ती जळवा धरायची, तलावाच्याच पाण्यात मडक्यात ठेवायची, तोंडाला ओलं फडकं बांधायची. एका माणसाला लावलेली जळू दुसऱ्याला लावायची नाही, हा तिचा नेम. हळदीनं तिला ओकायला लावायचं आणि परत तलावात सोडून द्यायचं. खैरुनबीच्या हातून कुणाचा पाय चिघळला असं नागभीडमध्ये कुणी सांगणार नाही.

आता यात लाजायचं काय? पण शाळेत पोरांनी 'जोकवाला, जोकवाला', म्हणजे जळूवाला, म्हणून जे पिडलं, ते मोहसीनच्या आत कुठंतरी जाऊन बसलं. पुढं लग्नाचं वय झालं आणि त्याला खतपाणीच मिळालं. पहिल्या स्थळाच्या बायका घर बघायला आल्या. मडक्याचं फडकं जरा सैल झालं होतं. एक जळू बाहेर पडून भिंतीवरून निवांत चढत होती, आणि मुलीची आई नेमकी त्या भिंतीला टेकून बसलेली. बाई अशी उठली की चहा तसाच राहिला, बिस्किटं तशीच राहिली, सून तिकडंच राहिली. दुसऱ्या स्थळाची माणसं तर दारापर्यंतही आली नाहीत, बाजारातूनच विचारपूस करून परत फिरली.

तिसरं स्थळ मूलच्या रईसभाईंच्या निशातचं. रईसभाई शिंपी, कपड्याचं छोटं दुकानही होतं, माणूस सरळ आणि जिभेचा जरा तिखट. ते घर बघायला येणार त्या दिवशी मोहसीननं सगळी मडकी शेजारच्या गुणाबाईच्या गोठ्यात नेऊन ठेवली. आईला म्हणाला, "अम्मी, आज काही बोलू नको जळवाचं." खैरुनबी नवी साडी नेसून बसली. रईसभाईंनी सहज विचारलं, "बाई, तुमी काय करता?" तिनं पोराकडं पाहिलं. पोरगा पटकन म्हणाला, "अम्मी घरीच असते."

मूलला मुलगी बघायला गेला तेव्हाच निशात त्याला आवडली होती, हेही सांगायला हवं. मान खाली घालून बसणारी नव्हती ती, त्याच्या बोटांवरचे डाग पाहून तिनं सरळ विचारलं होतं, "हे भाजलं का?" त्या एका प्रश्नावर मोहसीन महिनाभर खूश होता. निकाह ईदनंतर ठरला. पाहुणे गेले तशी खैरुनबी भांडी आवरता आवरता म्हणाली, "निकाहच्या आधी मी साऱ्या जळवा तलावात सोडून देईन. मंग तुले काही लपवा लागणार नाही." मोहसीननं ऐकलं. राहू दे अम्मी, असं तो म्हणाला नाही.

त्याच पावसाळ्यात, साल दोन हजारचं, दुकानासमोर एक बाई येऊन उभी राहिली. खांद्याला पिशवी, चपलांना चिखल. "दादा, इथी जळूवाल्या खैरुनबाई कुठी राहतात?"

मोहसीनच्या हातात गरम सोल्डरिंग होतं. मान वर न करता तो म्हणाला, "तिकडं मशिदीमागं असन कोणी."

बाई गेली, आणि तासाभरानं खैरुनबीलाच बरोबर घेऊन परत आली. खैरुनबीचा चेहरा आनंदानं फुललेला. "मॅडम, हा माझा मोहसीन. बिजलीचं, रेडिओचं, सारं हा करते." बाईंनी एकदा मोहसीनकडं पाहिलं, एकदा मशिदीकडं पाहिलं आणि हसू दाबलं. मोहसीनला त्या घडीला टेबलाखाली शिरावंसं वाटलं.

बाईंचं नाव दिव्यानी. गोंडपिपरीकडच्या शेतकऱ्याची लेक, चंद्रपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिथला शिपाई मुखरू नागभीडजवळच्या खेड्यातला. त्याचा सुजलेला पाय खैरुनबीनं बरा केला होता, त्यानंच हा पत्ता दिला. आणि जळवा कशाला हव्या होत्या? तर कॉम्प्युटरसाठी.

"कॉम्प्युटरले जळवा लावता?" मोहसीन न राहवून बोलला.

दिव्यानी मॅडमनी स्टूल ओढलं आणि समजावून सांगितलं. परदेशात कुणीतरी जळूच्या नसांच्या पेशींना तारा जोडून त्यांच्याकडून बेरीज करून घेतली, असं त्यांनी वाचलं होतं. जळूच्या या पेशी मोठ्या असतात, सापडायला सोप्या. पेशी म्हणजे कणभर जीव, पण तीसुद्धा बिजलीच्या भाषेत बोलते. बारीक ठोका देते, नाहीतर गप्प बसते. एक तार तिला हळूच डिवचते, ती गप्प. दुसरी डिवचते, तरी गप्प. दोन्हींनी एकदम डिवचलं तर ठोका देते. हा ठोका यंत्रानं पकडायचा आणि त्यावर पुढचं काम करायचं. अर्धं यंत्र जिवंत, अर्धं आयसी आणि तारांचं. "हे जमलं त एखाद्या दिवशी ज्याची नस तुटली त्याच्या हाताशी मशीन बोलू शकन," मॅडम म्हणाल्या. "आज नाही. आपल्या हयातीतही कदाचित नाही. पण सुरुवात त कराच लागन ना."

अडचण अशी की तो ठोका इतका बारीक, की मोठा करून दाखवणारं यंत्र विकत घ्यायला कॉलेजजवळ पैसे नव्हते. मोहसीननं तोवर टेबलावरचा अर्धा पसारा बाजूला सारला होता. "बारीक आवाज मोठा कराचा न? हे त मी रोजच करून राह्यलो."

खैरुनबीनं मात्र वेगळंच विचारलं. "मॅडम, जळू मरन का त्याच्यात?"

"हो काकू. मरन. खोटं कशाले सांगू?"

मग ती म्हणाली, "जितक्या लागतीन तितक्याच न्या. उगाच एकही नाही." मॅडम कबूल झाल्या.

मग काय, मोहसीनचे रविवार चंद्रपूरला जायला लागले. जुन्या टेपरेकॉर्डरमधून, मोडक्या टीव्हीमधून भाग काढून त्यानं यंत्र उभं केलं. जळवाही त्यानंच न्यायच्या असं ठरलं. खैरुनबीनं पहिल्या खेपेला मडकं भरून, फडकं बांधून तयार ठेवलं आणि ती तलावाकडं गेली. मोहसीन त्या मडक्याकडं बघत उभा राहिला. एसटीच्या लालगाडीत मडकं मांडीवर घेऊन बसायचं, वर ओलं फडकं, आत शेवाळी पाण्याचा वास. कुणीतरी विचारणारच, काय हाय म्हणून. वाटेत मूल लागतं. रईसभाईंचं कुणी भेटलं तर?

त्यानं जळवा उचलून जेवणाच्या स्टीलच्या डब्यात टाकल्या. तलावाचं पाणी वास मारतं म्हणून नळाचं स्वच्छ पाणी भरलं. पावसाळ्यात गाव आजारी पडू नये म्हणून नळाला ब्लिचिंग पावडर मूठ सैल सोडून टाकतात, प्यायलं तरी नाकाला लागतं. झाकण घट्ट लावलं, डबा पिशवीत टाकला. बघणाऱ्याला वाटावं, पोरगा डबा घेऊन नोकरीवर चाललाय. आईनं जन्मात कधी जळवांना नळाचं पाणी दाखवलं नव्हतं, हे त्याला माहीत होतं. काऊन ते विचारायची मात्र त्याला कधी गरज वाटली नव्हती.

प्रयोगशाळेत मॅडमनी मेणाच्या ताटलीत जळू उघडली, नसेची बारीक गाठ बाजूला काढली, मिठाच्या पाण्यात ठेवली, तार टेकवली. मोहसीननं बटण दाबलं. स्पीकरमधून नुसता भुंग्यासारखा आवाज. हा आवाज त्याच्या रोजच्या ओळखीचा, भिंतीतल्या बिजलीचा. पुढच्या खेपेला त्यानं कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणून ताटलीभोवती पिंजरा केला, यंत्र स्कूटरच्या बॅटरीवर चालवलं. भुंगा गेला. पण त्याच्यामागं काहीच नाही. पेशी मुकीच.

एकदा झालं, दोनदा झालं, परत परत तेच. मोहसीननं यंत्र पार उकलून पुन्हा जोडलं. शेवटी मॅडमनी कॉलेजच्या बागेतलं गांडूळ आणून त्याच्या नसेला तार लावली, तर स्पीकर टकटक करायला लागला. म्हणजे यंत्र चोख होतं. मोहसीनचा जीव भांड्यात पडला. तो आनंद मात्र पुढच्या वाक्यापर्यंतच टिकला.

"मंग जळवातच दम नाही," मॅडम थकून म्हणाल्या. "इथल्या जळवा या कामाच्या नसतीन. अन् प्राचार्यांले ही खोली कॉम्प्युटर क्लासले पायजे. दिवाळीनंतर आपला पसारा उचला लागन."

इथं मोहसीनला कळायला हवं होतं. कळलंही असेल. डब्याचं झाकण उघडताना नाकात जाणारा तो वास, तळाशी दोरीसारख्या निपचित पडलेल्या जळवा, आणि घरी मडक्यात हात घातला की बोटाला वळसा घालून चढणाऱ्या जळवा. हे सगळं जोडायला काय लागतं? पण ते जोडलं असतं, तर मडकं मांडीवर घेऊन बसावं लागलं असतं. तो गप्प बसला.

मुखरूला मात्र गप्प बसणं ठाऊक नव्हतं. तो सुटीत गावाकडं आला तेव्हा खैरुनबीच्या अंगणात टेकला आणि चहाचा घोट घेत म्हणाला, "बाई, तुमच्या जळवा कमजोर हाय म्हणून राह्यले ना कॉलेजात. कामाच्या नाही म्हणते."

मोहसीन दुकानातून घरी आला तेव्हा आई पायरीवर बसली होती. ती रागावणारी बाई नव्हती. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "माझ्या मायच्या जळवाले कोणी कमजोर नाही म्हटलं आतापर्यंत," ती म्हणाली, आणि आवाज फाटला. "तलाव तोच हाय. हात तेच हाय. मंग काय झालं रे?"

बोलता बोलता तिनं कोपऱ्यातला स्टीलचा डबा उचलला, झाकण काढलं, आणि नाकाशी नेला.

"नळाचं पाणी घातलं?"

त्यानं मान डोलावली.

"काऊन?"

"वास येते अम्मी. गाडीत लोकं पाह्यते."

खैरुनबीनं झाकण परत लावलं. डबा घासायच्या भांड्यांत ठेवला. त्या दिवशी जेवताना ती त्याला वाढत राहिली, आणि मोहसीन ताटात भात चिवडत राहिला. आईचं नाव त्यानं मातीत मिळवलं होतं, तेही आपलं नाव राखायला. रविवार उजाडला तेव्हा मडकं बांधून झालं होतं आणि खैरुनबी चप्पल घालून दारात उभी होती. "आज मी येतो," ती म्हणाली. "तू यंत्र घे."

गाडीत दोघं शेजारी बसले. मडकं तिच्या मांडीवर. कंडक्टरनं विचारलंच, "काय हाय व बाई मडक्यात?"

"लोणचं," खैरुनबी म्हणाली.

मोहसीनला आधी हायसं वाटलं. मग सिंदेवाहीपर्यंत ते हायसं वाटणंच त्याला बोचायला लागलं. आई कधी खोटं बोलत नसे. पेशंट घाबरला तरी ती 'दुखन थोडं' म्हणायची, 'दुखणार नाही' असं कधी म्हणायची नाही. आणि आज, ज्या जळवांपायी ती रडकुंडीला आली होती, त्यांनाच तिनं लोणचं करून टाकलं. कुणासाठी? शेजारी खिडकीला नाक लावून बसलेल्या दिवट्यासाठी.

मूलला गाडी थांबली आणि चढले कोण, तर रईसभाई. चंद्रपूरला कापड घ्यायला निघाले होते. सलाम-दुआ झाली, समोरच्याच सीटवर बसले. आणि पहिलाच प्रश्न, "मडक्यात काय घेऊन राह्यल्या बाई?"

"लोणचं हाय भाऊ. आंब्याचं. कॉलेजच्या मॅडमले."

"वा. व्याह्याले नाही, मॅडमले?" रईसभाई हसले आणि फडक्याची गाठ चाचपायला त्यांनी हात पुढं केला. "वास त घेऊ द्या."

खैरुनबीनं दोन्ही हात मडक्याच्या तोंडावर ठेवले. ते हात आज खोटं झाकत होते. सुजलेले, पिकलेले पाय उघड्यावर धरणारे ते हात. मोहसीननं ते पाहिलं.

"लोणचं नाही, चाचा," तो म्हणाला. "जळवा हाय."

रईसभाईंचा हात तिथंच राहिला. मागच्या सीटवरची एक बाई पाय वर घेऊन बसली.

"अम्मी जळवा लावते लोकांले. आधीपासून. तुमी घरी आले तवा मडके गुणाबाईच्या गोठ्यात होते. मीच ठेवले. अम्मी घरीच असते म्हटलं ते बी मीच. तिचा काही दोष नाही."

"मोहसीन," आई हळूच म्हणाली. त्यानं ऐकलं नाही.

रईसभाईंनी हात मागं घेतला. चेहऱ्यावरचं हसू केव्हाच गेलं होतं. "अन् आता ह्या कुठी चालल्या?"

मोहसीननं जमेल तसं सांगितलं. पेशी, ठोका, तारा, कॉम्प्युटर. सांगता सांगता त्यालाच वाटलं, याच्यापेक्षा लोणचं बरं होतं.

"एक खोटं निघालं त दुसरं सांगून राह्यला का बे?" रईसभाई म्हणाले. "जळूचं कॉम्प्युटर? कापड गेलं उडत. मी येतो तुमच्यासंगं. पाहतोच."

तिघं चंद्रपूरला उतरले. कॉलेजच्या पायऱ्या चढताना मोहसीन यंत्राच्या खोक्याखाली घामेजला होता. स्थळ गेल्यातच जमा होतं. पण पावलं कशी हलकी पडत होती, ते त्याचं त्यालाच कळेना.

खोलीत शिरताच तो मॅडमना म्हणाला, "मॅडम, जळवा कमजोर नव्हत्या. मी नळाचं पाणी घालत होतो. लाज वाटे म्हणून." किती रविवार वाया गेले ते मॅडमच्या तोंडावर आलं होतं, पण दारात उभी असलेली खैरुनबी दिसली आणि त्यांनी ते गिळलं. "मंग आज पाहू," एवढंच म्हणाल्या.

खैरुनबीनं मडक्यात हात घातला, जळू तिच्या बोटाला वळसा घालून वर चढली. तिनं ती स्वतः मॅडमच्या हातात दिली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. ओठ पुटपुटत होते. रईसभाई तिच्याकडं बघत होते.

ताटली, मिठाचं पाणी, जाळीचा पिंजरा. मॅडमनी भिंगातून बघत तार टेकवली. मोहसीननं बटण दाबलं.

टक.

मग थोड्या वेळानं, टक. टक.

मॅडम खुर्चीत मागं टेकल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. खैरुनबी भिंतीकडून वळली. "हे काय वाजून राह्यलं?"

"तुमची जळू हाय काकू. बोलून राह्यली."

खैरुनबी स्पीकरजवळ आली. वाकून, पदर सावरून, तिनं कान लावला. अख्खा जन्म जळवांत गेला होता तिचा, पण त्यांचा आवाज असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मोहसीननं तिच्याकडं पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले; बापासारखाच कान लावला होता तिनं.

मग खरा प्रयोग. मोहसीननं दोन बटणं आणि एक लाल दिवा जोडला होता. मॅडम रईसभाईंना म्हणाल्या, "चाचा, तुमीच दाबा." रईसभाईंनी शिंप्याचं जपून टेकणारं बोट पहिल्या बटणावर ठेवलं. काही नाही. दुसऱ्या बटणावर ठेवलं. काही नाही. दोन्ही एकदम दाबली. टक, आणि दिवा लागला. त्यांनी परत एकदा केलं. मग परत. मग पुन्हा एकेक वेगळं करून पाहिलं, कुठं तार लपवलीय का म्हणून टेबलाखाली वाकूनही पाहिलं.

"मंजे एकट्याचं ऐकत नाही. दोघं मिळून म्हटलं तवाच ऐकते."

"बस, एवढंच," मॅडम म्हणाल्या. "लय लहान गोष्ट हाय. पण हे उत्तर मशीननं नाही दिलं, जिवानं दिलं. मशीननं फक्त आपल्याले सांगितलं."

रईसभाई खैरुनबीकडं वळले. "बाई, एक विचारतो. निकाहनंतर हे सुरूच राहीन का?"

खैरुनबी लगेच म्हणाली, "नाही भाऊ. मी साऱ्या सोडून देणार..."

"सोडणार नाही ती," मोहसीन म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. "मी आतापर्यंत कधी नको सोडू म्हटलं नाही तिले. आज म्हणतो. ज्याले चालत नाही त्याची मर्जी, चाचा."

रईसभाईंनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. "निशातले विचारतो," म्हणाले, पिशवी उचलली आणि कापड घ्यायला निघून गेले.

पुढचे दिवस कसे गेले ते मोहसीनलाच ठाऊक. कॉलेजची खोली दिवाळीनंतरही मॅडमकडंच राहिली, दोन पेशींची जोडी जमवायचा घाट त्यांनी घातला, आणि मोहसीन मडकं मांडीवर घेऊन गाडीत बसू लागला. कुणी विचारलं तर सांगायचा. कुणी सरकून बसायचं, कुणी आपल्या गुडघ्याचं दुखणं काढून घरचा पत्ता विचारून घ्यायचं. पण मूलहून काही कळेना. दुकानात बसला असताना शेजारच्या बूथवरची घंटी वाजली, की सोल्डरिंग हवेतच थांबायचं.

मग एका दुपारी बूथवाल्यानं हाक मारली. "मोहसीनभाऊ, मूलचा फोन. लेडीज हाय."

फोनवर निशात होती. ती म्हणाली, "अब्बा सांगत होते, अम्मी तुमच्यासाठी गाडीत खोटं बोलल्या, अन् तुमी ते चालू दिलं नाही. खरं का?"

"पहिल्यांदा चालू दिलं," मोहसीन म्हणाला. "कंडक्टरसमोर. मूलले तुमचे अब्बा चढल्यावर नाही दिलं."

मोहसीननं रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"मले अजून काही विचाराचं नव्हतं," निशात म्हणाली. "तारीख तीच राहू द्या म्हणते अब्बा."

दुकानाला कडी न लावताच मोहसीन तलावाकडं निघाला. दुपार कलली होती, धान कापणीला आलं होतं. खैरुनबी काठाजवळ गुडघाभर पाण्यात उभी होती, साडीचा ओचा खोचून, मडकं काठावर. त्याला काठावरून सांगता आलं असतं. नुसती हाक मारली असती तरी चाललं असतं. त्यानं चपला काढल्या, पँट गुडघ्याच्या वर दुमडली आणि पाण्यात उतरला.

आईनं वळून पाहिलं. "काय झालं? कोणी मेलं का?"

"निशातचा फोन होता. हो म्हणते."

खैरुनबीनं ओल्या हातानंच त्याचा गाल धरला, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही. तेवढ्यात मोहसीननं पाय झटकला.

"हलू नको," ती म्हणाली. वाकून तिनं त्याच्या पोटरीवरून बोटाच्या एका वळशानं जळू अलगद सोडवली, उजेडात धरून पाहिली, आणि मडक्यात न टाकता त्याच्यापुढं केली. "धर. तूच ठेव मडक्यात."

मोहसीननं तळहात पुढं केला.